कंपनीचा मेडिक्लेम सोडायचा का? चाकणच्या एका घराचा हिशेब

२०२५ची भाऊबीज. आम्ही दोघी बहिणी माहेरी जमलो होतो. जेवणं झाली, पोरं गच्चीवर गेली आणि दाजींनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"ताई, हे बघा. तीन लाखांच्या मेडिक्लेमसाठी कंपनी माझ्याकडून त्रेचाळीस हजार मागतेय. आणि हा आमच्या सोसायटीतला एजंट एकवीस हजार पाचशेत दहा लाखांचा देतोय. यात विचार कसला करायचा?"

मी बारा वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात एचआरमध्ये आहे. मेडिक्लेमची फाइल माझ्याच टेबलावर असते. त्यामुळे नात्यातल्या प्रत्येकाची पॉलिसी कधी ना कधी माझ्यापुढे येते, बहुतेक वेळा क्लेम कापला गेल्यावर. या वेळी निर्णयाच्या आधी विचारलं गेलं, हेच विशेष. कंपनीने पर्याय कळवायला २८ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली होती. हातात पाच दिवस होते.

आधी घर सांगते. दाजी ४१ वर्षांचे, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहेत, वर्षाचा पगार ८ लाख ४० हजार. माझी बहीण ३८ वर्षांची, घरी शिकवण्या घेते. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. दाजींच्या आई, म्हणजे आमच्या काकू, ६७ वर्षांच्या. त्यांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे, बीपीची गोळी चालू आहे. बहिणीला थायरॉइड आहे, आणि जूनमध्ये केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे गाठ, दिसला होता. डॉक्टर म्हणाले होते, रक्तस्राव थांबला नाही तर ऑपरेशन करावं लागेल. हे शेवटचं वाक्य मला त्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. ते दोन दिवसांनी कळलं, आणि सगळा हिशेब त्यानेच फिरवला.

कंपनीचा मेल असा होता: कर्मचारी स्वतः फुकट. बायको आणि दोन मुलं घ्यायची तर ९,६०० रुपये, तिघं मिळून, एकाला वगळून चालणार नाही. आई किंवा वडील घ्यायचे तर माणशी २७,००० रुपये. वर १८ टक्के जीएसटी. ३६,६०० अधिक ६,५८८, म्हणजे ४३,१८८ रुपये, दहा महिन्यांत पगारातून कापणार. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: या वर्षी वगळलेल्या पालकांना पुन्हा घेतलं जाणार नाही.

गेल्या वर्षापर्यंत हे सगळं कंपनीच भरत होती, म्हणून दाजी जास्त चिडले होते. पण यामागची गोष्ट मला टेबलाच्या पलीकडून ठाऊक आहे. १८० माणसांच्या कंपनीचा ग्रुप, म्हणजे एकाच पॉलिसीतली सगळी माणसं, लहान असतो. एका वर्षात दोन बायपास आणि एक कॅन्सर निघाला की भरलेल्या हप्त्यापेक्षा दिलेले क्लेम जास्त होतात, आणि पुढच्या वर्षी विमा कंपनी दर वाढवून मागते. मग मालक म्हणतो, कर्मचारी तेवढा माझा, त्याच्या आईवडिलांचं त्याने बघावं. ज्यांचे आईवडील ठणठणीत असतात ते बाहेर पडतात. आत राहतात आमच्या काकूंसारखे. त्यामुळे त्याच्या पुढच्या वर्षी दर आणखी चढतो. हे २७,००० तिथे थांबणारे नाहीत, हे मी दाजींना पहिल्याच दिवशी सांगितलं.

पायाच्या जखमेचं बिल

दाजींचा कंपनीच्या मेडिक्लेमवरचा राग जुना होता. आदल्या वर्षी काकूंच्या पायाला जखम झाली, ती चिघळली, पाय सुजून लाल झाला आणि त्यांना चिंचवडला सहा दिवस ॲडमिट केलं. बिल झालं १,४२,००० रुपये. विमा कंपनीने दिले ८४,६००. उरलेले ५७,४०० दाजींनी खिशातून भरले आणि तेव्हापासून 'ग्रुपचा काही उपयोग नाही' हे त्यांचं ठाम मत झालं.

मी ते सेटलमेंट लेटर मागवून घेतलं. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा होती, विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. यांनी घेतली ६,००० रुपयांची सिंगल रूम. काकूंना झोप लागत नाही, रात्री कोणीतरी सोबत लागतं, त्यांचंही बरोबरच होतं. पण निम्म्या भाड्याचा हक्क असताना दुप्पट भाड्याची खोली घेतली की कात्री नुसत्या भाड्याला लागत नाही. डॉक्टरांच्या व्हिजिट, नर्सिंग, ड्रेसिंगसाठी वापरलेलं ऑपरेशन थिएटर हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. भाडं ३६,०००चं १८,००० झालं. डॉक्टर, नर्सिंग, थिएटर मिळून ४८,००० होते, त्याचे २४,००० झाले. औषधं आणि तपासण्यांचे ५२,००० पूर्ण मिळाले, कारण त्यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. ग्लोव्ह्ज, डायपर, फाइल चार्ज असे ६,००० मुळातच मिळत नाहीत. झाले ९४,०००. त्यावर पालकांसाठी १० टक्के को-पे, म्हणजे आपण भरायचा ठरलेला हिस्सा, ९,४०० वजा. उरले ८४,६००.

दाजी कागद बघत राहिले. "हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

नसेल सांगितलं. ॲडमिशनच्या काउंटरवर 'सिंगल हवी की शेअरिंग' एवढंच विचारतात. कंपनीचं ई-कार्ड दाखवतानाच 'माझी रूम एलिजिबिलिटी किती' हे विचारून घ्यायचं असतं, आणि ते आपणच विचारायचं असतं.

मग मी त्यांना उलटा प्रश्न केला. हेच बिल एजंटच्या पॉलिसीत गेलं असतं तर किती मिळाले असते?

"दहा लाखांची आहे ना, पूर्ण मिळाले असते."

एक रुपयाही मिळाला नसता. कारण २१,५०० रुपयांच्या त्या कोटेशनमध्ये काकू नव्हत्याच. दोन मोठी माणसं, दोन मुलं, बस. एजंटने लपवलं नव्हतं, पीडीएफच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. दाजींनी रकमा तेवढ्या वाचल्या होत्या. त्रेचाळीस हजारांतले ३१,८६० एकट्या काकूंचे होते. ते बाजूला काढले तर तुलना उरत होती कंपनीच्या ११,३२८ची एजंटच्या २१,५००शी. म्हणजे स्वस्त दिसणारी पॉलिसी त्याच चार माणसांसाठी जवळजवळ दुप्पट महाग होती. अर्थात कव्हरही तिप्पटीहून जास्त होतं, खोलीभाड्याची मर्यादा नव्हती. पण 'निम्म्या पैशात' हा भाग तिथेच संपला.

काकूंसाठी वेगळी पॉलिसी?

तेही विचारून पाहिलं. एप्रिल २०२४पासून विमा घ्यायला कमाल वयाची अट राहिलेली नाही, त्यामुळे ६७व्या वर्षी पॉलिसी मिळते. कशी मिळते तो प्रश्न आहे. पाच लाखांसाठी ३८,४०० रुपये, २० टक्के को-पे, आणि मधुमेह-बीपीशी संबंधित कशालाही पहिली तीन वर्षं काही नाही. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी ही वाट बघायला लावतात. पूर्वी चार वर्षांपर्यंत लावता यायची, आता कमाल तीन. मधुमेहाच्या माणसाला पहिली तीन वर्षं मधुमेह सोडून बाकी कशाने ॲडमिट व्हायचं, हे विमा कंपनीच जाणे.

दाजींच्या ग्रुपमध्ये ही भानगड नाही. पहिल्या दिवसापासून जुने आजार चालतात, तपासणी नाही, फॉर्म नाही. ३१,८६० रुपयांत काकूंना मिळणारं कव्हर बाहेरच्या बाजारात त्या किमतीला मिळतच नव्हतं. माझ्या मते काकूंचा प्रश्न एवढ्यावरच सुटला होता. 'पुन्हा घेतलं जाणार नाही' ही ओळ असताना तर त्यांना बाहेर काढणं म्हणजे दार बंद करून किल्ली विहिरीत टाकणं.

बहिणीने सरकारी योजनांबद्दल विचारलं. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे आणि रेशनकार्डाचा रंग आता आड येत नाही, पण ठरलेले उपचार आणि ठरलेली रुग्णालयं, एवढ्यातच ती चालते. सत्तरी ओलांडली की आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड उत्पन्न न बघता मिळतं. काकूंना त्याला तीन वर्षं आहेत. दोन्ही कामाच्या आहेत, कागद काढून ठेवा म्हटलं. पण कंपनीचं कव्हर त्यांच्या भरवशावर सोडू नका.

फॉर्म

शनिवारी एजंट टॅब घेऊन घरी आला, तेव्हा मी मुद्दाम तिथे होते. मुलगा बरा होता, बोलण्यात गोड, नवीनच लागलेला. तो एकेक प्रश्न वाचायचा आणि उत्तर यायच्या आतच 'नाही'वर बोट ठेवायचा. तंबाखू? नाही. दारू? नाही. नियमित औषध?

बहीण म्हणाली, "थायरॉइडची गोळी घेते."

"ताई, ते लिहू नका. दोन हजार उगाच वाढतील. थायरॉइड आजकाल कोणाला नसतो?"

टेबलावर मेथी निवडायला घेतलेली होती आणि तिच्या शेजारीच थायरॉक्सिनची बाटली, पन्नास मायक्रोग्रॅमची, सकाळी घेऊन तिथेच विसरलेली. मी ती उचलून टॅबच्या समोर ठेवली. लिहायचं, म्हटलं. आणि सोनोग्राफीचंही लिहायचं. तेव्हा कळलं की सोनोग्राफी नुसती झालेली नाही, डॉक्टरांनी ऑपरेशनचंही सुचवलंय.

एजंटचा चेहरा पडला, पण माझ्या टेबलावर आलेल्या सगळ्यात वाईट केसेस याच एका प्रश्नातून सुरू झालेल्या आहेत. हॉस्पिटलच्या केसपेपरवर डॉक्टर 'थायरॉइड, पाच वर्षांपासून' असं लिहितात, तो कागद क्लेमबरोबर जातो, पॉलिसीच्या तारखेशी ताडून पाहिला जातो, आणि मग थायरॉइडशी संबंध नसलेला क्लेमही अडकतो. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की माहिती लपवल्याचं कारण विमा कंपनीला सहसा पुढे करता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर मात्र तेव्हाही येतं. पण ती पाच वर्षं काढायची कोणी? दोन हजारांसाठी?

सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं: १० टक्के लोडिंग, म्हणजे आजारामुळे वाढवलेला दर, हप्ता २३,६५०. थायरॉइड आणि फायब्रॉइड दोन्ही आधीचे आजार, तीन वर्षं थांबा. गर्भाशयाच्या ऑपरेशनला तशीही दोन वर्षांची वाट असते, हर्निया, मोतीबिंदू, गुडघा यांच्यासारखीच. दोन्ही लागू असतील तर लांबची धरतात.

म्हणजे ऑपरेशन जानेवारीत झालं असतं तर नव्या पॉलिसीतून शून्य. कंपनीच्या पॉलिसीतून तीन लाखांपर्यंत. दाजी कंपनीचं सोडून हे घेणार होते.

एजंटचा शेवटचा मुद्दा होता ८०डी, म्हणजे हप्त्यावर मिळणारी करसवलत, 'टॅक्स वाचेल'. दाजी नव्या करप्रणालीत आहेत. तिथे ८०डी नाही, आणि ८ लाख ४० हजारांवर त्यांना तसाही कर लागत नाही. वाचवायला काही नव्हतंच. जीएसटीचं त्याचं म्हणणं मात्र खरं होतं: २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आणि फॅमिली पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झालाय, कंपनीच्या ग्रुपवर तो १८ टक्केच राहिलाय. कागदावर फरक जास्त दिसायचं तेही एक कारण.

मग स्वतःची पॉलिसी घ्यायचीच कशाला?

रविवारी दाजींनी हे विचारलं, आणि आता ते दुसऱ्या टोकाला गेले होते. कंपनीचं सगळंच चांगलं, तर एजंटला नाही म्हणून टाकू.

इथे माझं म्हणणं असं. कंपनीचा मेडिक्लेम आजच्या आजारासाठी उत्तम आहे, पण तो दाजींचा नाही, नोकरीचा आहे. कामाचा शेवटचा दिवस संपला की तोही संपतो. चाळीस-पन्नाशीत नोकरी जाते, तेव्हाच शुगर, बीपी चिकटलेलं असतं आणि नवी पॉलिसी तेव्हा मागायला गेलं की काकूंचं झालं तेच होतं. स्वतःच्या पॉलिसीत पहिल्या वर्षी आपण मुख्यतः वाट बघायची वर्षं विकत घेतो. घड्याळ सुरू व्हायला हवं. आज दाजींना काही आजार नाही, मुलांना नाही. आज ते स्वस्तात सुरू होतं.

माझी पहिली सूचना होती सुपर टॉप-अप. तीन लाखांच्या वरचं तेवढं देणारी दहा लाखांची पॉलिसी, चौघांसाठी साधारण साडेपाच हजारांत बसत होती. खालचे तीन लाख कंपनीचे, वरचं यांचं. एचआरमध्ये आम्ही सगळ्यांना हेच सुचवतो. बहिणीने ते खोडून काढलं.

"नोकरी गेली तर खालचे तीन लाख कोण देणार? तेव्हाच तर पैसे नसणार."

मग पाच लाखांचा साधा फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच रक्कम) घ्या, म्हटलं, १६,७२०. नंतर वाढवा. तिने त्यावरही विचारलं, वाढवल्यावर वाढवलेल्या रकमेला पुन्हा वाट बघावी लागते का? लागते. वाढीव पाच लाखांसाठी सगळं घड्याळ नव्याने सुरू होतं. "मग घ्यायचंच तर दहाचं घेऊ. फरक सात हजारांचा आहे, तो माझ्या शिकवण्यांतून जाईल." बारा वर्षं ही फाइल सांभाळून मी जे सांगायला हवं होतं, ते तिने सांगितलं.

एकूण बेरीज: कंपनीला ४३,१८८, स्वतःच्या पॉलिसीला २३,६५०. ६६,८३८ रुपये. महिन्याला साडेपाच हजारांच्या वर. एका वर्षी ते जड जाणारच होतं आणि दाजींनी ते बोलूनही दाखवलं. पण हे दोन्ही घोडे कायम पोसायचे नव्हते. ऑपरेशन आटोपलं की पुढच्या वर्षी ९,६००चा हिस्सा सोडायचा की नाही, ते तेव्हा बघता येणार होतं. (मी म्हणेन, स्वतःच्या पॉलिसीची वाट संपेपर्यंत तो सोडू नये. ११,३२८ रुपयांत तीन माणसं कुठे मिळतात.)

दाजींच्याच लाइनवर २१,०००च्या आत पगार असलेली पोरं आहेत. त्यांच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, अवलंबून असलेल्या आईवडिलांसकट घर बसतं, खोलीभाडं नाही, को-पे नाही. दाजी ईएसआयच्या पगार मर्यादेच्या वर गेले तेव्हा पेढे वाटले होते.

जानेवारी

रक्तस्राव थांबला नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. या वेळी काउंटरवर बहिणीने आधी विचारलं, रूम एलिजिबिलिटी किती. ३,०००. शेअरिंग २,८००ला होती, ती घेतली. शेजारच्या खाटेवर मंचरच्या एक आजी होत्या, रात्रभर रेडिओ लावून ठेवायच्या. बहीण म्हणे, त्या रेडिओचे मला चाळीस हजार मिळाले असं समजते.

बिल १,२६,४००. टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) मंजूर १,१७,९००. पत्नीला को-पे नव्हता, ८,५०० गेले ते ग्लोव्ह्ज, किट आणि रजिस्ट्रेशनमध्ये. डिस्चार्जची फाइल सकाळी अकराला गेली, पावणेदोनला मंजुरी आली. नियमात तीन तास आहेत. स्वतःच्या पॉलिसीला हात लागला नाही, त्यामुळे तिचा नो-क्लेम बोनसही शाबूत.

फेब्रुवारीत दाजींना रांजणगावच्या एका कंपनीकडून ऑफर आली, पगार वीस टक्के जास्त. त्यांनी तिथल्या एचआरला पहिला प्रश्न विचारला, "आईला घेता का?" घेत नाहीत. नवरा-बायको आणि मुलं, पाच लाख, बस.

त्यांचा मला फोन आला तेव्हा ते कंपनीच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर उभे होते. मी सांगितलं, राजीनामा देऊ नका अजून. ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, त्याला मायग्रेशन म्हणतात, आणि ग्रुपमध्ये काढलेली सलग वर्षं वाट बघण्याच्या मुदतीतून वजा होतात. काकूंची तिथे सहा वर्षं झालीत, म्हणजे जुन्या तीन लाखांपुरता मधुमेह पहिल्या दिवसापासून चालायला हवा. पण विमा कंपनी तपासणी मागू शकते, हप्ता तिच्या दराने लावणार, आणि अर्ज ग्रुपचं कव्हर चालू असतानाच करायचा.

अर्ज गेला. विमा कंपनीने एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट, मागितला. तो ८.१ आला, म्हणजे साखर ताब्यात नव्हती. काकूंनी त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा केलाय, आणि दाजींची ऑफर लेटर फ्रिजवर चुंबकाने लावलेली आहे. रांजणगाववाल्यांनी महिनाअखेरपर्यंत थांबायची तयारी दाखवली आहे.